सलूनमधले सतरा परीक्षार्थी

त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे आणि तो केस कापायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण कापता कापता तो बोलायचाही, आणि बोलण्यात दर दहा मिनिटांनी एक वाक्य हटकून यायचं, "आम्ही विद्यापीठात होतो तेव्हा..."

आता हे वाक्य खोटं नव्हतं. तो विद्यापीठात चांगली सहा वर्षं होता. मुलांच्या वसतिगृहाच्या जिन्याखाली, एक खुर्ची, एक आरसा आणि एक बादली घेऊन. शाळा त्याने नववीतच सोडली होती आणि विद्यापीठाच्या वर्गात तो एकदाच शिरला होता, तोही एका सरांची विसरलेली छत्री द्यायला. पण एवढं सगळं एका वाक्यात मावत नाही. लोकांनी अर्धं ऐकलं आणि उरलेलं आपापल्या मनाने भरलं, त्यात आपला काय दोष, असं तो स्वतःला सांगायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवीस वर्षं त्याने ती झाकूनच ठेवली होती.

झाकलेल्या मुठीची एक अडचण असते. लोक तिच्याकडे न्याय मागायला येतात. दुकानात कसलाही वाद निघाला की निकाल प्रोफेसरने द्यायचा. देवमासा हा मासा आहे का, चंद्रावर वारा असतो का, घोडा उभ्या उभ्या झोपतो का. प्रोफेसर कात्री थांबवायचा, छताकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. निम्मे निकाल बरोबर निघायचे, कारण निम्मे कुणाचेही निघतात.

यातला सर्वांत गाजलेला खटला जिराफाचा. अकरा वर्षांपूर्वी पोस्टमास्तर आणि शेजारचा बेकरीवाला यांची जुंपली. पोस्टमास्तरांचं म्हणणं, जिराफाच्या मानेत हाडं माणसाइतकीच असतात. बेकरीवाल्याचं म्हणणं, डोळे फुटलेत का, एवढी लांब मान, हाडं जास्तच असणार. पैज लागली मिशीची. जो हरेल त्याने मिशी उतरवायची. प्रोफेसरने छताकडे पाहिलं, जिराफाची मान डोळ्यांपुढे आणली आणि ती खरोखरच फार लांब दिसल्यामुळे बेकरीवाल्याच्या बाजूने निकाल दिला.

पोस्टमास्तरांची मिशी साधी नव्हती. ती नोकरीतल्या पहिल्या पगारापासूनची होती. ते शब्दाला जागणारे गृहस्थ. तिथल्या तिथे खुर्चीत बसले, मिशी उतरवून घेतली आणि पुन्हा कधी वाढवली नाही. हरलेल्या माणसाने मिशी ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. बेकरीवाल्याने मात्र त्या दिवसापासून आपली मिशी दुप्पट जोपासली. दर पंधरा दिवसांनी तिला कलप लागायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बेकरीवाल्याच्या मुलीने घोटाळा केला. तिला शाळेतून गृहपाठ मिळाला होता, एका पदवीधराची मुलाखत घ्या. गल्लीत पदवीधर म्हटल्यावर ती सरळ प्रोफेसरकडे आली, वही उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काका, तुमचा विषय कोणता होता?"

प्रोफेसरच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या माणसांना गुंडाळणं सोपं, ती स्वतःच गुंडाळून घ्यायला तयार असतात. पण समोर नऊ वर्षांचं पोर, हातात टोक केलेली पेन्सिल, आणि उत्तर लिहून घ्यायला तयार. त्याने तिला आज फार गर्दी आहे असं सांगितलं. दुकानात त्या वेळी कुणीच नव्हतं. मुलीने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाली आणि वही मिटून गेली. त्या दिवशी प्रोफेसरला जेवण गेलं नाही.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरा दुरुस्त करणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचं काय दिसत नसणार? तिने सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. तो त्यांच्या काउंटरवर कुणीतरी ठेवून गेलं होतं. विद्यापीठाने नवी सोय केली होती. प्रवेश मिळण्याआधीच कुणीही तीन विषयांचे वर्ग ऑनलाइन करायचे, परीक्षा द्यायच्या. तिन्हींची सरासरी साठ आली की पदवीला प्रवेश. शाळेचा दाखला कुणी मागणार नव्हतं.

"एकतर खरं सांगा," ती म्हणाली, "नाहीतर खरं करा. पण माझ्यापुढे असं पडल्या चेहऱ्याने बसू नका."

खरं सांगण्यापेक्षा खरं करणं सोपं, असं प्रोफेसरला वाटलं. यावरून त्याला विद्यापीठाची किती माहिती होती ते कळतं.

त्याने निबंधलेखन, तर्कशास्त्र आणि संख्याशास्त्र असे तीन विषय घेतले. पहिल्या दोन विषयांचे मास्तर बरे होते, पण त्याचा जीव जडला तो संख्याशास्त्राच्या मॅडमवर, म्हणजे त्यांच्या कपाळावरच्या केसांवर. ते डावीकडे बोटभर लांब होते आणि उजवीकडे आखूड. पहिले चार तास त्याने फळ्यावरचं काही पाहिलंच नाही. पाचव्या तासाला न राहवून त्याने लिहून पाठवलं की मॅडम, तुमचे केस कुणी कापले ते सांगू नका, पण पुन्हा तिथे जाऊ नका. मॅडमनी ते वाचलं, कॅमेऱ्यात स्वतःला निरखलं आणि पुढचा सगळा तास मान डावीकडे कलती ठेवून शिकवलं.

नोंदणी दुकानाच्या फोनवरून केल्यामुळे पडद्यावर त्याच्या चौकटीखाली नाव यायचं 'सलून'. ते बदलायचं कसं हे त्याला कळलं नाही आणि मॅडमना वाटलं आडनाव असेल. त्या अदबीने म्हणायच्या, "मिस्टर सलून, मध्यक म्हणजे काय ते तुम्ही सांगा." आणि मिस्टर सलून पावडरीच्या डब्याला टेकवलेल्या फोनपुढे उभं राहून सांगायचे.

गिऱ्हाइकांना ताकास तूर लागू द्यायची नव्हती. म्हणून तास चालू असताना तो कानात इयरफोन घालायचा आणि कानात दडे बसलेत, डॉक्टरांनी घालायला सांगितलंय, असं सांगायचा. एका दुपारी खुर्चीत गिऱ्हाईक डुलक्या घेत होतं, प्रोफेसरच्या हातात मशीन होतं आणि मॅडमनी उत्तर विचारलं. प्रोफेसर आनंदाने गरजला, "शून्य!" ते गिऱ्हाईक जे उठलं ते गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर गेलं. त्याला फक्त कानामागचे कमी करायचे होते.

पण यातूनच प्रोफेसरला एक शोध लागला. बसून वाचलेलं त्याच्या डोक्यात दोन मिनिटं टिकत नसे. तेच हातात कात्री आणि समोर डोकं असलं की ऐकलेला शब्दन् शब्द राहायचा. तीस वर्षं त्याने विचार केला होता तो कापता कापताच. हात थांबला की डोकं थांबायचं. मग त्याने माळ्यावरचं प्लास्टिकचं डोकं काढलं. शिकाऊ असताना त्यावर हात बसवला होता. त्याला टोप घातला, खुर्चीत बसवलं आणि अभ्यास सुरू केला. त्या डोक्याला तो पाहुणे म्हणायचा. पाहुण्यांना संख्याशास्त्र हळूहळू चांगलं येऊ लागलं.

मध्येच मॅडमनी स्वाध्याय दिला, आपल्या आसपासच्या शंभर नोंदी गोळा करा. प्रोफेसरने गिऱ्हाइकांच्या थापा मोजल्या. 'मागच्या वेळी तुमच्याकडेच कापले' म्हणणारे एकतीस. 'घरी रोज तेल लावतो' म्हणणारे अठ्ठावीस. 'केस गळत नाहीत, कपाळच मोठं आहे' म्हणणारे एकोणीस. उरलेले बावीस गप्प बसले, म्हणून खरे धरले. मॅडमना काम आवडलं. फक्त खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती, 'कापणाऱ्याच्या थापा का मोजल्या नाहीत?'

ती ओळ त्याने तीन वेळा वाचली. मग फोन पालथा ठेवला आणि पाहुण्यांचा टोप विंचरत बसला.

निबंधाचा निकाल लागला अठ्ठावन्न. तर्कशास्त्राचा सत्तावन्न. साठची सरासरी यायला आता संख्याशास्त्रात पासष्ट हवे होते. एकाने जरी कमी पडले तरी पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तिन्ही विषय. आणि पुढच्या वर्षी परत बसण्याचा धीर आपल्याला होणार नाही, हे प्रोफेसरला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा सोमवारी सकाळी होती. सोमवारी दुकान बंद. घरी वरच्या मजल्यावर फरशी फोडण्याचं काम चालू होतं, म्हणून त्याने दुकानातच बसायचं ठरवलं. शटर अर्धं खाली ओढलं, पाहुण्यांना खुर्चीत बसवलं, लॅपटॉप बायकोच्या भाच्याकडून आणलेला होता तो मांडला. पडद्यावर एक तरुण पर्यवेक्षक आला. घोटून दाढी केलेला, पण हनुवटीखाली चार केस राहिलेले. प्रोफेसरने मोठ्या मनाने ते दुर्लक्षिले.

पर्यवेक्षकाने कॅमेऱ्यातून खोली पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"खोलीत परीक्षार्थीशिवाय कुणी नको, असं कळवलं होतं ना? मला सतरा माणसं दिसताहेत."

प्रोफेसरने मागे वळून पाहिलं. मागच्यांनीही वळून पाहिलं. दुकानाच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे होते, गिऱ्हाइकाला आपली मान मागून दिसावी म्हणून. त्या आरशांत तो, त्याच्यामागे तो, त्याच्यामागे आणखी लहान तो, अशी रांग लागली होती. तेवीस वर्षं रोज बघून त्याला ती दिसेनाशी झाली होती.

"ते सगळे मीच आहे," तो म्हणाला.

पर्यवेक्षकाने पुरावा मागितला. प्रोफेसरने हात वर केला, सतरा हात वर गेले. त्याने नाक खाजवलं, सतरा नाकं खाजवली गेली. पर्यवेक्षकाचं समाधान होईना. सगळे इतकं एकसारखं करताहेत म्हणजे तालीम करून आणलेत, असं त्याला वाटलं असावं. शेवटी त्याने आरसे झाकायला सांगितले आणि वर हेही सांगितलं की वेळ सुरू झालेली आहे, ती थांबणार नाही.

गळ्याला बांधायची होती नव्हती तेवढी सगळी कापडं काढून, चिमटे लावून प्रोफेसरने दोन्ही भिंती झाकल्या. त्यात वीस मिनिटं गेली. घामाघूम होऊन तो परत आला तर पर्यवेक्षक म्हणाला, "आता त्या खुर्चीतल्या गृहस्थांना बाहेर जायला सांगा."

ते गृहस्थ नाहीत, प्लास्टिकचं डोकं आहे, हे प्रोफेसरने टोप काढून दाखवलं. त्यामुळे प्रकरण चिघळलं. चेहरा असलेली कुठलीही वस्तू चालणार नाही, असा नियम निघाला. मग पाहुण्यांची रवानगी शटरखालून बाहेरच्या पायरीवर झाली.

आणि प्रोफेसर पेपरापुढे बसला तो बसलाच. पहिला प्रश्न त्याला येत होता. काल रात्रीपर्यंत येत होता. आता डोक्यात नुसता पांढरा कागद. हात मांडीवर गप्प पडले होते आणि हात गप्प म्हणजे सगळंच गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बेकरीवाल्याची मुलगी वही घेऊन डोळ्यांपुढे उभी राहिली. रडू येईल असं त्याला वाटलं आणि बावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या दुकानात, परक्या पोरासमोर रडायची त्याला लाज वाटली.

टेबलावर कात्री होती. डोकं हवं होतं. खोलीत आता एकच डोकं उरलं होतं.

त्याने डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावरची बट धरली आणि कच्‌ केलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. ते लिहिलं आणि कानावरची बट धरली. दुसरं आलं.

"तुम्ही काय करताय?" पर्यवेक्षकाने विचारलं.

"विचार," प्रोफेसर म्हणाला.

पर्यवेक्षक नियमांचं पुस्तक चाळू लागला. बराच वेळ चाळलं. दोन्ही हात दिसत होते, आवाज दुसऱ्या माणसाचा नव्हता, आणि परीक्षार्थीने आपले केस कापू नयेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या प्रश्नाला अवघड गणित होतं. त्यात मागची सगळी बाजू गेली.

वेळ संपली. प्रोफेसरने समाधानाने दोन्ही आरशांवरची कापडं ओढली आणि सतरा जण एकदम किंचाळले.

दुसऱ्या दिवशी तो लोकरीची टोपी घालून दुकानात आला. टोपी कानापर्यंत, आणि हवा अशी की पंखा पाचवर. सर्दी झालीय असं सांगायचं ठरलं होतं. पण सकाळी सकाळी पोस्टमास्तर आले ते बगलेत पाहुण्यांना घेऊन. आदल्या दिवशी परीक्षेच्या गडबडीत पाहुणे पायरीवरच राहिले होते. रस्त्यात कुत्री हुंगत होती म्हणून पोस्टमास्तरांनी त्यांना घरी नेऊन ठेवलं होतं. बाकावर बेकरीवाला दाढीसाठी बसलेला होताच, शेजारी त्याची मुलगीही होती.

"प्रोफेसर, याला घराबाहेर का काढलंस?" पोस्टमास्तर म्हणाले. "आणि या उकाड्यात टोपी कसली?" एवढं म्हणून त्यांनी टोपी उचलली. आयुष्यभर टपालाच्या थैल्या उघडलेल्या माणसाचा हात तो, थांबतो कुठे.

डोक्यावर कुठे रान, कुठे माळ, कुठे पायवाट. मागच्या बाजूचं तर वर्णनच नको.

"हे कुणी केलं?" बेकरीवाला कसाबसा म्हणाला.

आता प्रोफेसरपुढे पेच होता. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं, तर त्या बिचाऱ्याचा केसाने गळा कापल्यासारखं. मी केलं म्हणावं, तर उद्यापासून या दुकानात डोकं कोण देणार? आणि का केलं ते सांगावं, तर तेवीस वर्षांची मूठ उघडते. तोंडात थाप तयार होती. पण समोर ती मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि मॅडमची ती ओळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मी केलं," तो म्हणाला. "परीक्षेत. मी शिकतोय. प्रवेश मिळावा म्हणून." आणि मग एका दमात सगळं बाहेर पडलं. जिना, खुर्ची, बादली, नववी, छत्रीसुद्धा. बोलून झाल्यावर तो आपल्याच खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता.

पोस्टमास्तरांचं बोट नकळत नाकाखालच्या मोकळ्या जागेवर गेलं होतं.

"मग जिराफाचं काय?" त्यांनी विचारलं.

प्रोफेसरने सवयीने छताकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "माहीत नाही, मास्तर. तेव्हाही माहीत नव्हतं."

बेकरीवाल्याने बाकावरची पावडर उगाच झटकली. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, मशीन उचललं आणि प्रोफेसरच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "जिथे शिकतोस तिथे विचारून ये," ते म्हणाले, "तोवर हे सरळ करू." पत्रांवर शिक्के मारावेत तशा ठाम हाताने त्यांनी ते डोकं पार गुळगुळीत केलं. प्रोफेसर समोरच्या आरशात बघत होता आणि आपण गिऱ्हाइकांना इतकी वर्षं 'छान दिसतंय' कसं म्हणत आलो, याचं नवल करत होता.

तीन आठवडे दुकानात गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली, कारण लोक डोकं बघायला यायचे. प्रोफेसर मात्र फोनकडे डोळे लावून होता. वाद निघाला की तो आता छताकडे बघायचा नाही. "माहीत नाही" म्हणायचा. सुरुवातीला जीभ अडखळली, मग सवय झाली.

निकाल मॅडमनी वर्गातच सांगितला. मिस्टर सलून, सहासष्ट. सरासरी साठ आणि वर थोडं. पदवीला प्रवेश मिळाला. चौकटीतले सगळे टाळ्या वाजवत होते आणि तुळतुळीत डोक्याचा एक माणूस त्यांच्यासमोर उघड उघड रडत होता, या खेपेला त्याला लाज वाटली नाही. मॅडमचे केस आता दोन्हीकडून सारखे होते. कुणाला काही विचारायचंय का, त्या म्हणाल्या. त्याने हात वर केला आणि जिराफाच्या मानेत हाडं किती असतात, असं विचारलं. हा संख्याशास्त्राचा वर्ग आहे, असं त्या सांगणार तोच कोपऱ्यातल्या चौकटीतून प्राणिशास्त्रही घेतलेली एक मुलगी म्हणाली, सात. माणसाइतकीच. फक्त एकेक हाड लांब असतं.

इयरफोन लावायचा तो विसरला होता. उत्तर अख्ख्या दुकानाने ऐकलं.

सगळ्यांनी बाकावरच्या बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने आरशात पाहिलं, परवाच कलप लावलेल्या मिशीवरून शेवटची दोन बोटं फिरवली, उठला आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला. पोस्टमास्तर खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले.

"जरा बेताने, प्रोफेसर," बेकरीवाला डोळे मिटून म्हणाला.

"प्रोफेसर नाही," त्याची मुलगी बाकावरून म्हणाली. तिने वही उघडलेली होती. "ते विद्यार्थी आहेत. काका, तुमचा विषय कोणता?"

त्याने वस्तरा पुसला. कुणी प्रोफेसर म्हटलं की इतकी वर्षं आत कुठेतरी बारीकसं टोचायचं, आज काही टोचलं नाही.

"लिहून घे," तो म्हणाला, "अजून ठरवायचाय."